तुळशीत भांग

१९९१च्या नाशिकच्या सिंहस्थात आजीने आम्हा दोघी बहिणींना तपोवनात नेलं होतं. मी एकोणीस वर्षांची, धाकटी तेराची. आजीच्या कापडी पिशवीत शिधा, सुटी नाणी आणि उदबत्तीचा पुडा. एका खालशाच्या, म्हणजे बैरागी साधूंच्या एका गटाच्या, मांडवात एक वयस्कर बैरागी चिलमीच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळत बसले होते. दोन्ही तळव्यांत चिलीम धरून त्यांनी असा दम मारला की कपाळाच्या शिरा तटतटल्या, आणि मग एवढा धूर सोडला की क्षणभर त्यांची दाढीच दिसेना. जळक्या पाल्यासारखा, किंचित गोडसर, घशात बसून राहणारा वास.

"आजी, हे काय ओढताहेत?" धाकटीने भर मांडवात विचारलं.

"शंकराचा प्रसाद आहे तो. नमस्कार कर."

बैरागी वैष्णव, प्रसाद शंकराचा. आजीच्या देवघरात असल्या सरहद्दी नव्हत्या. आम्ही वाकलो. बैराग्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि धाकटीच्या तळहातावर खडीसाखर.

तीन महिन्यांच्या आत, दिवाळीच्या सुमारास, पंचवटीतल्या आमच्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाच्या शर्टाला तोच वास आला. त्याच्या वडिलांनी त्याला चौकात उभं करून पट्ट्याने बडवलं. जमत आलेली सोयरीक मोडली. सगळा वाडा आठवडाभर कुजबुजत होता. आजी तुळशीला पाणी घालता घालता म्हणाली, "एवढं चांगलं घर, आणि तुळशीत भांग उगवली गं."

तिला यात काही विसंगती वाटली नाही. मलाही तेव्हा वाटली नाही, हे कबूल करते. कोण ओढतं, कुठे बसून ओढतं आणि कुणाच्या देखत ओढतं, यावर सगळं ठरायचं. पानं तीच.

धाकटी २००९ साली कॅनडाला गेली, टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला. २०२१च्या हिवाळ्यात एका रात्री तिचा फोन आला. "ताई, एक सांगू? आईला नको सांगूस." या प्रस्तावनेनंतर आमच्या घरात आजवर दोनच गोष्टी ऐकू आल्या आहेत, प्रेमविवाह आणि कर्ज. म्हणून मी आधी बसून घेतलं. तर ती म्हणाली, झोप लागत नाही म्हणून मी रोज रात्री एक वडी चघळते. जेलीची, पीचच्या चवीची. गांजाची.

मी "अगं!" एवढंच म्हणू शकले.

"बेकायदेशीर नाहीये काही. सरकारी साइटवरून मागवते. पावती येते. टॅक्स भरते मी त्यावर."

खोटं नव्हतं ते. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८पासून प्रौढांना नुसत्या मौजेसाठीही गांजा विकत घ्यायची मुभा दिली. वड्या, चॉकलेटं असे खायचे प्रकार वर्षभरानंतर कायद्यात बसले. एका पाकिटात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, दहा मिलिग्रॅमच्या वर घालायचं नाही. वेष्टनावर पिवळ्या चौकटीत इशारा. लहान मुलांना उघडता येणार नाही असं झाकण. आपल्याकडे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची तरी एवढी काळजी घेतात का, असं मनात आलं.

मग मी तिला एक प्रश्न विचारला. तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. "कायदा बदलला नसता तर घेतलं असतंस?"

"वेडी आहेस का? कुठून आणणार होते मी? पार्किंग लॉटमध्ये कुणा पोरापुढे जाऊन उभी राहू?"

मी गणिताची शिक्षिका. आठवी ते दहावीला अठ्ठावीस वर्षं अपूर्णांक, टक्केवारी, आलेख शिकवण्यात गेली. धाकटीच्या उत्तराने अस्वस्थ झाले तेव्हा सवयीने आकडे शोधत बसले. कॅनडा सरकार दरवर्षी गांजाविषयी पाहणी करतं. कायदा लागू होण्याआधी काही महिने, २०१८च्या पाहणीत, सोळा वर्षं आणि त्यावरच्या २२ टक्के लोकांनी गेल्या बारा महिन्यांत गांजा घेतल्याचं सांगितलं होतं. २०२३मध्ये हेच प्रमाण २६ टक्के झालं. आणि घेणाऱ्यांपैकी रोज किंवा जवळजवळ रोज घेणारे? तेव्हाही सुमारे पाव, आताही सुमारे पाव. यावरून बरेच जण सांगतात, बघा, रोजचे घेणारे काही वाढले नाहीत.

इथे मात्र माझ्यातली मास्तरीण जागी होते. बावीसचा पाव साडेपाच, सव्वीसचा पाव साडेसहा. भाग तोच राहिला, पण पूर्णच मोठं झालं की! शंभरात एक रोजचा माणूस वाढला, आणि ते एक माणूस माझ्या डोळ्यांपुढे रात्रीच्या गाऊनमध्ये, चष्मा कपाळावर चढवून, पीचच्या चवीची वडी चघळत बसलेलं होतं.

तरी "सांगितलं होतं" हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. १९९२ साली कॉलेजच्या एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, शिबिरात आम्ही दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात घरोघरी प्रश्नपत्रिका घेऊन फिरलो. त्यात एक प्रश्न होता, घरात कुणी दारू घेतं का. तीस-बत्तीस घरांत उत्तर एकच, नाही. गावाच्या ओढ्याकाठी काळ्या गुळाचा आणि नवसागराचा वास येत होता, आणि आमच्या कागदावर मात्र अख्खं गाव वारकरी. शेवटच्या घरातल्या म्हातारीला आमची दया आली. "लिहून घे पोरी, समदेच घेत्यात. पन नाव नको लिहू कुनाचं." मी लिहिलं. आमच्या सरांनी ते उत्तर "अपवादात्मक" म्हणून गाळलं.

त्यामुळे बंदी उठली की आकडा फुगतो, त्यातला थोडा फुगवटा जीभ सैल झाल्याचाही असणार. काल जे लपवून घेत होते ते आज मोकळेपणाने "हो" म्हणतात. कॅनडाच्या सांख्यिकी खात्याला हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी २०१८मध्येच मोठ्या शहरांचं सांडपाणी गोळा करून त्यात गांजाचे अंश मोजायला घेतले. सांडपाण्याला लाज नसते. पण ते पाणी कुणाचं, तरण्याचं की आजोबांचं, रोजच्याचं की सणावाराच्या हौशाचं, हेही त्यातून कळत नाही. (आपल्या गोदेत मिसळणाऱ्या नाल्यांचं पाणी कुणी असं तपासलं तर काय काय निघेल, हा विचार मी सिंहस्थ पार पडेपर्यंत लांबणीवर टाकला आहे.)

दुसरी अडचण याहून मोठी. अमेरिकेत कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२च्या मतदानात गांजा मोकळा केला. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ला दुकानं उघडली. मात्र प्रौढांच्या वापराचा आलेख त्याच्याही काही वर्षं आधीपासून वर चढत होता. मग कायद्यामुळे लोक घ्यायला लागले, की लोक घ्यायला लागले म्हणून मतदान तसं झालं? कोंबडी आधी की अंडं. नुसत्या राज्याराज्यांच्या आकड्यांवरून हे सुटत नाही, कारण जिथे कायदा लवकर बदलतो तिथली माणसं मुळातच वेगळी असतात.

याला एक सुरेख तोड काही संशोधकांनी काढली. कोलोरॅडो आणि मिनेसोटातली हजारो जुळी भावंडं त्यांच्या नोंदीत लहानपणापासून होती. त्यांतल्या एकसारख्या जुळ्यांमध्ये अशा जोड्या निघाल्या, की एक जण गांजा मोकळा असलेल्या राज्यात राहतो आणि दुसरा बंदी असलेल्या राज्यात. रक्त तेच, घर तेच, आईबाप तेच, शाळा बहुधा तीच. फरक पत्त्याचा. मोकळ्या राज्यातलं भावंड सुमारे २० टक्के जास्त वेळा गांजा घेत होतं. २०२२ साली हा निष्कर्ष छापून आला. त्याच जुळ्यांवरच्या पुढच्या लेखात मात्र कामधंदा, मानसिक आजार, कौटुंबिक ताण यांत दोघांमध्ये कायद्यामुळे म्हणावा असा फरक सापडला नाही. वापर वाढला, पण घरं मोडली नाहीत, निदान एवढ्या काळात तरी. मी हे दोन्ही निष्कर्ष जवळजवळ ठेवते, कारण माझ्या ओळखीतले लोक त्यांतला आपल्या सोयीचा एकच सांगतात.

गांजा मोकळा करायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "पोरांचं काय?" पालकसभेत मी स्वतः तो दहा वेळा विचारला असता. पण अमेरिकेतल्या एका जुन्या, दरवर्षी होणाऱ्या पाहणीत बारावीच्या मुलांपैकी वर्षभरात गांजा घेतलेल्यांचं प्रमाण २०१२मध्ये ३६ टक्के होतं आणि २०२२मध्ये ३१च्या आत आलं. त्याच पाहणीत ३५ ते ५० वयाच्या मंडळींचं प्रमाण त्याच दहा वर्षांत १३ टक्क्यांवरून २८वर गेलं. दुपटीहून जास्त. हे आकडे अख्ख्या अमेरिकेचे आहेत, केवळ मोकळ्या राज्यांचे नव्हेत, त्यामुळे सगळं श्रेय किंवा पाप कायद्याच्या माथी मारता येत नाही. तरी मला त्यात धाकटीचा आवाज ऐकू आला. पोरांना पार्किंग लॉटमधल्या पोरापुढे उभं राहायला लाज वाटत नाही. पोरं तिथेच तर उभी असतात. दार उघडल्यावर आत शिरतात ते घराचे हप्ते भरणारे, गुडघे दुखणारे, रात्री तीनला छताकडे बघत पडलेले लोक. ज्यांना पोलिसांची तर भीती होतीच, पण त्याहून जास्त ती समोरच्या बिऱ्हाडाची होती.

हे मला नाशिकमध्ये बसून कळायला कॅनडाला जायची गरज नव्हती. आमच्या लहानपणी इथे द्राक्ष म्हणजे थॉमसन, खायचं किंवा बेदाणे करायचं. वाइन हा शब्द दारूच्या दुकानाच्या पाटीवर असायचा आणि त्या दुकानासमोरून जाताना आई आमचा हात घट्ट धरायची. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, करसवलती दिल्या, आणि गंगापूर धरणाच्या बाजूला शिराझ आणि शेनिन ब्लांक या वाइनच्या द्राक्षांचे मांडव उभे राहिले. आता पुण्या-मुंबईच्या गाड्या शनिवारी तिकडे रांगेत असतात. २०२२च्या जानेवारीत सरकारने किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतही वाइन ठेवायचा निर्णय घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला! तो निर्णय बारगळला. पण त्याआधीच्या वीस वर्षांत जे व्हायचं ते कुणाच्याही उपोषणाशिवाय होऊन गेलं होतं.

म्हणजे काय झालं होतं? आमच्या भिशीच्या सहा जणी, सगळ्या शिक्षिका किंवा शिक्षकांच्या बायका, एका रविवारी "फक्त बघायला" म्हणून तिकडे गेलो. मावळतीचं ऊन, समोर पाणी, वेटर अदबीने वाकून विचारतोय. मीही घेतली. अर्धा ग्लास. आंबूस, जिभेला खरखरीत, आवडली असं म्हणवत नाही. पण दुसऱ्यांदा गेलो तेव्हा अख्खा ग्लास संपला. दारूच्या दुकानाच्या जाळीतून हात घालून मी कधीही बाटली घेतली नसती. इथे मात्र मला टेबलावर कापडी रुमाल मिळाला. आणि तिथेच, दोन टेबलं सोडून, कोण बसलेलं असावं? आमच्या वाड्यात पट्ट्याने मार खाल्लेला तो मुलगा. आता टक्कल पडलेलं, हार्डवेअरचं दुकान, सोबत सून आणि मुलगा. त्याने मला बघून ग्लास उंचावला. मीही उंचावला. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी इतकं मोकळं कधी हसलो नव्हतो.

माझा अर्धा ग्लास आणि धाकटीची वडी एकाच तागडीत घालावीत की नाही, याचा निवाडा मला करता येत नाही. मी वर्षातून तीनदा घेते, ती रोज. आणि फरक या "रोज"मध्ये आहे, असं मला आकडे बघता बघता वाटू लागलं. अमेरिकेत १९९२मध्ये रोज किंवा जवळजवळ रोज गांजा घेणारे दहा लाखांच्या आत होते. २०२२मध्ये ते १ कोटी ७७ लाख झाले आणि रोज दारू पिणाऱ्या १ कोटी ४७ लाखांना त्यांनी मागे टाकलं. असं पहिल्यांदाच झालं. मालही तो राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात टीएचसी १९९५मध्ये सरासरी ४ टक्के असायचं, २०१४पर्यंत ते १२ झालं. सुरुवातीला मोकळ्या झालेल्या चार राज्यांत २००८ ते २०१६ या काळात सव्वीस वर्षांवरच्या लोकांमध्ये गांजाच्या व्यसनाच्या व्याख्येत बसणारे ०.९० टक्क्यांवरून १.२३ टक्क्यांवर गेले. दिसायला किरकोळ. पण दुकानदाराच्या नजरेने बघा: वर्षातून तीनदा येणाऱ्या माझ्यासारखीवर कुणाचंच दुकान चालत नाही.

आपल्याकडचा गुंता निराळाच आहे. १८९३-९४मध्ये इंग्रजांनी भांग-गांजावर एक आयोग नेमला होता. त्याने ११९३ साक्षी घेतल्या आणि सांगितलं, बेताच्या सेवनाने फारसं बिघडत नाही, बंदी नको, कर लावा. (कर लावा, हे सांगायला इंग्रजाला आयोग लागत नव्हता, पण असो.) त्यानंतर जवळजवळ शतकभर परवान्याची दुकानं होती. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा आणि चरस गुन्हा ठरवला, पण व्याख्या करताना शेंडे आणि फुलं धरली, नुसती पानं आणि बिया सोडून दिल्या. म्हणून भांग त्यातून निसटली आणि राज्यांच्या हाती गेली. उत्तर प्रदेशात, राजस्थानात तिची परवान्याची दुकानं आहेत; आपल्या महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय तीही चालत नाही. एकाच झाडाची फुलं तुरुंगात आणि पानं ठंडाईत. केंद्राच्या २०१९च्या पाहणीत देशात भांग घेणारे सुमारे २ टक्के निघाले, गांजा-चरस घेणारे १.२. कायद्याने सोडलेलं जास्त लोक घेतात, पण अडकून पडलेल्यांचं प्रमाण न सोडलेल्यात जास्त. यातून काय घ्यायचं ते ज्याचं त्याने घ्यावं. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांतली लाली रंगाचीच असते, असं मी आजवर मानत आले आहे आणि पुढेही मानेन.

गेल्या डिसेंबरात धाकटी महिनाभर राहायला आली. वड्या आणल्या नव्हत्या. तिथे पावतीवर मिळणारी चीज इथल्या विमानतळावर गुन्हा आहे, हे तिला नीट माहीत होतं. पहिल्या रात्री ती जागी. दुसऱ्याही. "जेटलॅग गं," म्हणाली. साडेदहा तासांचा फरक, मीही मान हलवली. पाचव्या दिवशी आईवर खेकसली, चहात साखर जास्त झाली म्हणून. सातव्या रात्री घामेघूम होऊन उठली, कसलीशी चित्रविचित्र स्वप्नं पडत होती. रोजचा गांजा अचानक सुटला की पहिले एक-दोन आठवडे झोप उडते, चिडचिड होते, स्वप्नं भडक होतात, हे मी तोवर वाचलं होतं. ज्या झोपेसाठी घ्यायचं, ती सोडल्यावर आणखी पळते. मी तिला हे सांगितलं नाही. तिनेही ते वाचलेलं होतं, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

आईचं वय एकोणऐंशी. तिने तिच्या पद्धतीने उपाय काढला. रात्री दूध गरम केलं, सहाण घेतली, जायफळ उगाळलं. "दोन वेढे," ती म्हणाली. "बाळगुटीला एक, मोठ्याला दोन. जायफळ चढतं."

धाकटीला त्या रात्री चार तास झोप लागली. दुसऱ्या रात्री पाच. तिसऱ्या रात्री ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, आज तीन वेढे घाल ना."

आईने हात थांबवला. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तिथे काय घेतेस गं झोपायला?"

"औषध आहे एक."

"दुकानातून?"

"हो. दुकानातून."

"मग ठीक आहे," आई म्हणाली, आणि तिसरा वेढा घातला. सहाण धुतली. जायफळ पुसून छोट्या डबीत ठेवलं. आणि धाकटी दूध घेऊन आत गेल्यावर ती डबी तिने माझ्या हातात दिली. फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेव म्हणाली, जिथे तिचा स्वतःचाही हात आता पोचत नाही.